अ पक्ष, ब पक्ष आणि चार लिंब

१ मार्च, शुक्रवार. पहाटे.
आजपासून संशोधन. संकल्प देवासमोर सोडला आहे, म्हणजे आता माघार नाही. विषय दाढी करताना सुचला: विद्यार्थ्यांची राजकीय ओळख आणि हवामान बदलाकडे पाहण्याचा त्यांचा दृष्टिकोन. बढतीसाठी एक शोधनिबंध कमी पडतो आहे हे खरं, पण ते कारण दुय्यम. मुख्य कारण जिज्ञासा.

हे काम माझ्याच हातून व्हावं असं वाटतं, कारण मला पक्ष नाही. एवढी वर्षं राज्यशास्त्र शिकवून कोणत्याच बाजूला न झुकलेला माणूस आमच्या कॉलेजात दुसरा नाही. शिपाई अंगद आहे, पण तो मतदानालाच जात नाही.

नियम: एप्रिलअखेर निबंध पुरा. चहा दिवसातून एकदाच. कूलर बंद. हवामान बदलावर लिहिणाऱ्यानं कूलरपुढं बसून लिहू नये.

सकाळी अकरा.
दुसरा चहा. पहिला पातळ होता, तो धरला नाही.

४ मार्च, सोमवार.
प्रश्नावली तयार. पक्षांची नावं कुठंच लिहायची नाहीत, या वहीतसुद्धा नाहीत. अ पक्ष आणि ब पक्ष. गृहीतक असं: अ पक्षाची मुलं हवामान बदलाला थोतांड समजतात, ब पक्षाची मुलं तो खरा मानतात. निष्कर्षही लिहून ठेवला, म्हणजे शेवटी धावपळ नको. आता फक्त माहिती गोळा करायची राहिली.

अंबिकाला वाचून दाखवलं. तिनं विचारलं की निष्कर्ष आधी कसा काय लिहिला. गृहिणीला संशोधनाची पद्धत समजावणं अवघड आहे. ती म्हणाली, कूलरमधलं पाणी काढून झाडांना घालते मग. मी म्हटलं, आजच्या दिवस राहू दे.

८ मार्च, शुक्रवार. महाशिवरात्र.
उपवास. मन स्वच्छ. खडकेश्वराला जाऊन आलो. गाभाऱ्यात पिंडीवर पाण्याची संततधार आणि रांगेतल्या बायकांच्या तोंडी टँकर. विचार करत बसलो की देवाला हवामान बदलाबद्दल काय वाटत असेल. त्यातून नववा प्रश्न सुचला: पाऊस पडणं कुणाच्या हातात आहे? पर्याय: देव, सरकार, माणूस, सांगता येत नाही. हा प्रश्न निबंधाचा प्राण ठरेल.

दुपारी साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी. पाहणीसाठी वर्गावर्गांतून फिरताना अंग हलकं हवं, म्हणून उद्यापासून आहार कमी.

१२ मार्च, मंगळवार.
पाहणीचा पहिला दिवस. वर्गात साठ मुलं असतात. आज अकरा. मला वाटलं, विषय गंभीर असल्यामुळं घाबरली. मग सत्यमनं फोनवर उलगडा केला. सत्यम म्हणजे बी.ए.चा शेवटच्या वर्षाचा मुलगा, काकासाहेबांच्या वाढदिवसाचे सगळे बॅनर तोच लावतो. त्याचं म्हणणं असं:

"सर, आज नाय जमत. आठ दिसांनी नळ आलाय. तुमचं हवामान उद्या बी ऱ्हाईल, पाणी दुपारून जाईल."

थोडा राग आला. पाण्यावरच्या पाहणीला पाण्यासाठी दांडी. घरी सांगितलं तर अंबिका म्हणाली की आपल्याकडंही आजच आलं होतं, आणि मोटर चालू करायला तुम्ही नव्हता म्हणून अर्धी टाकी रिकामी राहिली.

आमच्या मोटरबद्दल इथं लिहून ठेवतो. नळाला थेट टिल्लू मोटर लावून पाणी ओढणं गैर आहे, हे मी वर्गात सांगतो. पण आमच्या रो-हाऊसच्या ओळीत सगळ्यांनी लावल्यामुळं न लावणाऱ्याच्या नळातून नुसती हवा येते. मी लावतो तो तुलनात्मक अभ्यास म्हणून.

१५ मार्च, शुक्रवार.
आज वर्ग भरलेला. प्रश्नावली वाटली. पहिल्याच प्रश्नाला गोंधळ. 'आपण कोणत्या पक्षाचे समर्थक आहात?' यावर मागच्या बाकावरून विचारणा झाली की अ पक्ष म्हणजे फुटायच्या आधीचा का नंतरचा. दुसऱ्यानं विचारलं, ब पक्षाचे दोन्ही गट एकत्र धरायचे का वेगळे. मोनिका नावाची एक हुशार मुलगी आहे, ब पक्षाच्या मोर्चात दिसते. ती म्हणाली की सर, पक्षाचं सोडा, नेत्याचं नाव लिहायला जागा द्या, पोरं नेता बघतात. मी ठामपणे सांगितलं, राज्यशास्त्रात असं चालत नाही. मग फळ्यावर चार रकाने केले. मग सहा. घंटा झाली.

१६ मार्च, शनिवार.
उत्तरं तपासली. मन खट्टू.

'हवामान बदल खरा आहे का?' सगळ्यांनी हो म्हटलंय. अ पक्षानं हो, ब पक्षानं हो, फुटलेल्यांनी हो, न फुटलेल्यांनी हो. पुढं कारणं लिहायला जागा दिली होती, तीच चूक झाली. 'आमचा बोअर आटला.' 'कापूस दोनदा पेरला.' 'वाळूजच्या कंपनीत पत्र्याखाली उभं राहवत नाही.' 'पूर्वी मार्चमधी गोधडी लागायची, असं आजी म्हणती.' पक्षानुसार फरक एकाच प्रश्नात दिसला: जबाबदार कोण? तिथं अ पक्षाच्या मुलांनी ब पक्ष लिहिलाय आणि ब पक्षाच्या मुलांनी अ.

नवव्या प्रश्नाला बहुतेकांनी चारही पर्याय सोडून खाली हातानं 'टँकरवाला' लिहिलंय. गंमत करतात.

नमुना सदोष असावा. गृहीतक बदलायचं कारण दिसत नाही.

२० मार्च, बुधवार.
काकासाहेबांनी बोलावलं. काकासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव, माजी नगरसेवक, अ पक्षाचे. बढतीची फाईल त्यांच्याच टेबलावरून पुढं जाते. अर्थात माझ्या मनात त्या वेळी फाईल नव्हती.

त्यांनी चहा पाजला (हा मोजणीत धरत नाही, आग्रहाचा होता) आणि सहज विषय काढला. उस्मानपुऱ्याचा रस्ता आता काय झालाय, कॉलेजच्या दर्शनी भिंतीला लागून गाळे काढले तर संस्थेचं भलं होईल. आड येतात ते फाटकाजवळचे चार लिंब, म्हणजे कडुलिंबाची जुनी झाडं. महापालिकेकडं अर्ज करायचा, त्याला कॉलेजच्या हरित समितीची ना हरकत लागते. समितीचा समन्वयक मी. हे मला आठवतच नव्हतं. समिती तीन वर्षांपूर्वी तपासणीला पथक येणार म्हणून केली होती, ते आलं नाही.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. काकासाहेब म्हणाले, करा की, विचार करायला कुठं हरकत आहे.

२२ मार्च, शुक्रवार.
बातमी फुटली. मुलांचं शिष्टमंडळ आलं. पुढं मोनिका, सत्यम आणि आमची मुलगी ज्ञानेश्वरी. ज्ञानेश्वरी याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात ती मला सर म्हणते आणि मी तिला ओळखत नाही, असा आमचा करार आहे.

सत्यमला तिथं पाहून चकित झालो. काकासाहेबांचा माणूस आणि काकासाहेबांच्याच गाळ्यांच्या विरोधात? त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला की भाऊंचं (काकासाहेबांना तो भाऊ म्हणतो) काम एका जागी, आन झाड एका जागी. गंगापूरकडून एसटीनं येणारी पोरं डबा कुठं खाणार? वर्गात पंखा नाही, पंखा असला तर लाईट नाही.

त्यांचं म्हणणं एवढंच की सरांनी ना हरकतीवर सही करू नये. मी त्यांना नीट समजावलं. संशोधन चालू असताना संशोधकानं बाजू घेतली तर निष्कर्ष डागाळतात. सही केली तर मी एका बाजूचा, नाकारली तर दुसऱ्या बाजूचा. मोनिकानं विचारलं, मग सर तुम्ही करणार काय. मी म्हणालो, तटस्थ राहणार. मुलं एकमेकांकडं बघत उभी राहिली. माझी भूमिका त्यांना नवीन होती.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
ज्ञानेश्वरी भाकरी वाढताना म्हणाली, "अण्णा, सही नका करू."

एवढंच. मी म्हटलं, अजून काही ठरवलेलं नाही. तिनं ठेचा पुढं सरकवला आणि उठून गेली.

२६ मार्च, मंगळवार.
मनाची ओढाताण. लिंबांचा मलाही लळा आहे. गावच्या शाळेत आमचा वर्ग लिंबाखालीच भरायचा. गुरुजी खुर्चीवर, आम्ही मातीत, वरून निंबोळ्या. पण भावनेत वाहून जाणं संशोधकाला शोभत नाही. सकाळी पोथी उघडली, कौल म्हणून डोळे मिटून एका ओळीवर बोट ठेवलं. बोट पानाच्या कोऱ्या भागावर पडलं. देवही तटस्थ दिसतो.

कूलर चालू केला. निबंध लिहिताना नाही, विचार करताना.

३० मार्च, शनिवार.
मार्ग सापडला. अंबिकाला सांगण्याआधी इथं लिहितो.

कार्यालयातून ना हरकतीचा कागद आला. मी त्यावर 'मान्य' लिहिलं नाही. 'अमान्य' लिहिलं नाही. फक्त 'पाहिले' लिहून सही केली. शब्द एक, आणि शंभर टक्के खरा. कागद मी पाहिलाच होता. काकासाहेबांना वाटेल माणूस आडवा आला नाही. मुलांना वाटेल सरांनी मान्यता दिली नाही. आणि मी जिथं होतो तिथंच.

फार दिवसांनी शांत झोप लागणार असं दिसतं.

९ एप्रिल, मंगळवार. गुढीपाडवा.
गुढीला लिंबाचा डहाळा हवा म्हणून ज्ञानेश्वरीला कॉलेजात पाठवत होतो. ती म्हणाली, यंदा तिथून नको. बाजारातला आणला. चटणीत लिंबाची पानं कडू लागली, नेहमीपेक्षा जास्त. पावसाअभावी असेल. हे निबंधात घेता येईल.

नव्या वर्षाचा संकल्प: निबंध मेअखेर.

१२ एप्रिल, शुक्रवार.
सकाळी कॉलेजात गेलो तर फाटकातून आत ऊन आलं होतं. मला आधी कळेना की कुठं चुकलं. मग दिसलं की चारांपैकी पहिला लिंब नाही. बुंधा होता, वरून पांढरा. करवतवाले दुसऱ्याला दोर बांधत होते, तेवढ्यात मुलं आडवी बसली. सत्यमच्या शेजारी मोनिका, मोनिकाच्या शेजारी ज्ञानेश्वरी. अ आणि ब एका दोराला धरून. असं चित्र मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

कार्यालयात जाऊन विचारलं की परवानगी कुणी दिली. लेखनिकानं फाईल उघडून माझी सही दाखवली. म्हणाला, सर, तुम्हीच की. मी सांगितलं की मी फक्त 'पाहिले' लिहिलं होतं. तो म्हणाला, आजवर 'पाहिले' लिहिलेला एकही कागद थांबलेला त्यानं पाहिला नाही. नको असलं की साहेब लोक 'चर्चा करा' लिहितात.

हे मला नोकरीच्या सुरुवातीलाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

काम मुलांमुळं थांबलं. मी थोडा वेळ गच्चीवरून पाहणी केली.

१९ एप्रिल, शुक्रवार. एकादशी.
ज्ञानेश्वरी घरातही मला सर म्हणायला लागली आहे. 'सर, जेवण वाढलंय.' अंबिका म्हणते, तिला एकदा सरळ सांगा की चुकलं. मी म्हटलं, चुकलं असतं तर सांगितलं असतं. माझा शब्द बरोबर होता, कार्यालयाचा अर्थ चुकला. अंबिकानं खिचडी पुढं ठेवली आणि विचारलं, झाड कोणाच्या अर्थानं पडलं मग.

उत्तर सापडलं की लिहीन.

२६ एप्रिल, शुक्रवार.
खळबळ. काकासाहेबांनी पक्ष बदलला. काल दुपारपर्यंत अ होते, संध्याकाळी ब. शहरभरचे जुने बॅनर रातोरात उतरले. ब पक्षाचे जिल्ह्यातले वरचे नेते झाडं लावण्यासाठी प्रसिद्ध आहेत, दर पावसाळ्यात फावडं हातात घेऊन फोटो काढतात. आज काकासाहेब नवा गमछा घालून कॉलेजात आले, उरलेल्या तीन लिंबांपैकी मधल्याला मिठी मारली, आणि पत्रकारांना म्हणाले की हे लिंब म्हणजे आमच्या संस्थेचं वैभव, यांना हात लावणाऱ्याची गय होणार नाही.

मी खांबामागे उभा होतो. खांब रुंद आहे.

संशोधनाच्या दृष्टीनं मात्र आनंदाची गोष्ट. पक्ष बदलला की हवामानाबद्दलची भूमिका बदलते, हे गृहीतक अखेर सिद्ध झालं. फक्त ज्यांच्यावर सिद्ध झालं ते विद्यार्थी नाहीत.

२९ एप्रिल, सोमवार.
सत्यम आला. म्हणाला, सर, माझ्या कागदावर मला अ मधून काढून ब मध्ये टाका, भाऊ तिकडं गेले. मी उत्साहानं पेन काढलं आणि म्हटलं, मग बाकीची उत्तरंही नव्यानं भर. त्याला कळेना.

"ती तशीच ऱ्हाऊ द्या की सर. भाऊ गेले तिकडं, ऊन थोडंच गेलं?"

पाठोपाठ आणखी मुलं आली. कुणी ब मध्ये गेलं, कुणी रागानं अ मध्येच राहिलं. रकाने खोडून खोडून कागद फाटला. हवामानाचं एकही उत्तर कुणी बदललं नाही. फक्त 'जबाबदार कोण' याच्या पुढं सत्यमनं जुना पक्ष खोडला, नवा लिहिणार होता, मग थांबला आणि म्हणाला की हे कोरंच ठेवतो, भाऊंचं काही सांगता येत नाही.

१४ मे, मंगळवार.
त्रेचाळीस अंश. नळ नवव्या दिवशीही नाही. काकासाहेबांनी मुलांची मागणी मान्य करून पाच जूनला, पर्यावरण दिनी, लिंबाखाली सभा ठेवली आहे. पहिलं झाड कुणी पाडलं याची तिथंच शहानिशा होणार. मला नोटीस नाही, पण निमंत्रण आहे. निमंत्रण जास्त वाईट.

बढतीची फाईल त्याच टेबलावर आहे.

भाषण लिहायला घेतलं. शीर्षक: तटस्थतेचा अर्थ. आठ पानं झाली. कूलरमध्ये पाणी नाही, नुसता पंखा फिरतो.

३ जून, सोमवार.
भाषण सोळा पानांचं. आरशासमोर म्हटलं. एका जागी माझेच डोळे भरून आले, म्हणजे चांगलं असावं. अंबिका म्हणाली, सोळा पानांऐवजी एक वाक्य बोला. मी म्हटलं, एका वाक्यात मांडण्यासारखी माझी भूमिका नाही. ती म्हणाली, तेच म्हणते मी.

देवापुढं दिवा लावून मागणं मागितलं की सत्याचा जय व्हावा. मग थोडं बदललं. फाईलसह व्हावा.

५ जून, बुधवार. दुपारी.
सभा झाली. जसं घडलं तसं लिहितो.

तीन लिंबांच्या सावलीत सतरंज्या. जिथं चौथ्याची सावली पडली असती तिथं कुणी बसलं नव्हतं, ऊन होतं. मला खुर्ची दिली होती, तीच नेमकी तिथं. काकासाहेबांनी नव्या पक्षाचं भाषण केलं आणि शेवटी आवाज उतरवून विचारलं, झाड पाडायला संमती कुणी दिली. लेखनिकानं माझं नाव घेतलं. ते ऐकून काकासाहेबांनी डोळे इतके मोठे केले की मलाही क्षणभर वाटलं, यांना हे आजच समजलं.

मी खिशातून सोळा पानं काढली आणि उभा राहिलो. तेवढ्यात सत्यम उठला. मुलगा माझ्या बाजूनं बोलणार असं वाटून मला भरून आलं. तो हात जोडून म्हणाला,

"भाऊ, सरांवर आळ नका घेऊ. सरांना झाड पाडायचं नव्हतं. सरांना काहीच करायचं नव्हतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मोनिकानं मान डोलावली आणि म्हणाली, हे खरं आहे, सरांचा काही हेतू नसतो. काकासाहेबांना सुटकेचा निःश्वास टाकताना मी पाहिलं. त्यांनी विचारलं, सगळ्यांचं हेच म्हणणं आहे का, असेल तर हात वर करा, विषय मिटवू.

हात वर झाले. अ चे झाले, ब चे झाले, फुटलेल्यांचे, न फुटलेल्यांचे, ज्यांनी पक्षाचा रकाना कोरा ठेवला होता त्यांचे. अंगदनंही केला. काकासाहेब म्हणाले, मग प्रश्नच मिटला, असा माणूस कुणाला नडत नाही, सरांची फाईल पुढं जाऊ द्या, निबंधाचं बघू पुढं. हरित समितीची जबाबदारी मुलांवर सोपवली. टाळ्या.

एवढ्या मुलांना मी इतके महिने प्रश्न विचारले. पक्ष कोणताही असो, सगळ्यांनी एकच उत्तर दिलं असं पुन्हा एकदा झालं, आणि या वेळी प्रश्न माझ्याबद्दल होता.

पानं घडी करून खिशात ठेवली. बसता बसता मुलींच्या रांगेकडं पाहिलं. ज्ञानेश्वरीचा हात खालीच होता. ती माझ्याकडं बघत होती, मी काही बोलतो का याची वाट बघत असल्यासारखी. मी चष्मा पुसला.

मग तिनंही हात वर केला.